प्रोसेसरचा वेग आणि विजेची बचत: लिनक्स लॅपटॉपवर आधी काय बघायचं, मग काय बदलायचं

मे महिन्यातली दुपार, अकोला. लाइट गेली, पंखा थांबला आणि तीन दिवस बैलगाडीसारखा चाललेला माझा लॅपटॉप एकदम पळायला लागला. आधी भासच वाटला. पण जी फाइल उघडायला मिनिट लागत होतं ती क्षणात उघडली, ब्राउझर टिचकीसरशी आला. पाऊण तासाने लाइट आली, चार्जरचा दिवा लागला आणि पुन्हा बैलगाडी.

तोवर मी सगळे उद्योग करून बसले होते. गव्हर्नर (वेग कधी बदलायचा याचं धोरण) बदलले, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला, एकदा तर अख्खी सिस्टिम पुसून नव्याने टाकली. गडबड यातल्या कशातच नव्हती. ती कुठे होती ते पाचव्या पायरीत येईल. प्रोसेसरचा वेग कोण ठरवतं, कुठे बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे मला त्या तीन दिवसांत कुणी क्रमाने सांगितलं असतं तर पुढचा सगळा ताप वाचला असता. म्हणून हे लिहितेय.

उबुंटू, मिंट, फेडोरा यांपैकी एखादं लिनक्स वितरण नुकतंच टाकलंय, टर्मिनल उघडता येतं, एवढं मी धरून चालते. आदेश आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायची. पहिली तीन-चार अक्षरं टाइप करून टॅब कळ दाबलीत तर उरलेलं नाव टर्मिनल स्वतःच भरतं, त्यामुळे स्पेलिंगची फार काळजी नको.

आधी हाताशी ठेवा

- प्रोसेसरचं पूर्ण नाव. नुसतं 'आय फाइव्ह' पुरत नाही, पुढचा आकडा हवा. माझा इंटेल कोअर आय५-८२५०यू आहे.
- कर्नलची आवृत्ती. 'यूनेम', जागा, मग 'हायफन आर' लिहिलं की कळते.
- बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी चालू होणारी यंत्राची मूळ मांडणी) शिरायची कळ. बहुतेक यंत्रांवर एफ२, एफ१०, डिलीट यांपैकी एक.
- मूळ चार्जर किती वॉटचा आहे तो आकडा. चार्जरच्या पोटावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा.
- वही आणि पेन. चेष्टा नाही. काय होतं आणि काय केलं हे लिहून ठेवलं नाही तर तिसऱ्या बदलानंतर परतीचा रस्ता सापडत नाही.

१. वेग उतरवणं वेगळं, झोपणं वेगळं

वीज वाचवायला प्रोसेसरकडे दोन वाटा असतात आणि नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो.

पहिली वाट म्हणजे काम चालू ठेवून वेग उतरवायचा. यांना पी-स्टेट म्हणतात. यातली खरी गंमत व्होल्टेजमध्ये आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग कमी असला की कमी व्होल्टेजवर भागतं, म्हणून बचत दोन्हीकडून होते. इंटेलने २०००च्या जानेवारीत लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये स्पीडस्टेप आणलं तेव्हाचा हिशेब बघा. चार्जरवर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. वेग २३ टक्क्यांनी उतरला, पण गुणाकार करून पाहिला तर वीज जवळजवळ ४५ टक्क्यांनी उतरते. हा सौदा इतका फायद्याचा होता की त्याच वर्षी एएमडीनेही पॉवरनाऊ नावाने तेच आणलं.

दुसरी वाट म्हणजे काम नसताना झोपायचं. या सी-स्टेट. सी-शून्य म्हणजे टक्क जागा, सी-एक म्हणजे जरा डुलकी, आणि सी-सहा, सी-आठ, सी-दहा अशा गाढ झोपा, ज्यांत कोअरचा (प्रोसेसरच्या आतल्या एका कामकरी भागाचा) वीजपुरवठा बंदच होतो.

आता यातला पहिला सापळा. बॅटरी वाचवायची म्हणून वेग सगळ्यात खाली बांधून टाकायचा, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण दोन सेकंदांचं काम आठ सेकंद रेंगाळलं तर तेवढा वेळ स्क्रीन, रॅम, वायफाय सगळे जागे राहतात. काम पटकन आटपून गाढ झोपणं पुष्कळदा स्वस्त पडतं. म्हणून वेग बांधून टाकण्यापेक्षा त्याला नीट वर-खाली होऊ द्यायचं.

२. आपल्या प्रोसेसरला हे जमतं का?

टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' लिहून एंटर दाबा. त्यात 'फ्लॅग्ज' नावाचा शब्दांचा एक ढीग दिसेल. इंटेल असेल तर त्यात 'ईएसटी' शोधा. ते सुधारित स्पीडस्टेप. सोबत 'एचडब्ल्यूपी' असेल तर आणखी चांगलं. त्याचं बाजारातलं नाव स्पीड शिफ्ट. २०१५च्या स्कायलेक पिढीपासून ते आलं आणि वेग कधी बदलायचा हे त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता चिप स्वतः ठरवते. एएमडीवर 'एचडब्ल्यू_पीस्टेट' आणि नव्या चिपांवर 'सीपीपीसी' दिसेल, म्हणजे वेग बारीक टप्प्यांनी बदलायची सोय.

मग फाइल मॅनेजरमधून किंवा टर्मिनलमधून या वाटेने जा: मुळापासून 'सिस', त्यात 'डिव्हायसेस', 'सिस्टिम', 'सीपीयू', 'सीपीयू०', 'सीपीयूफ्रीक'. हे फोल्डर सापडलं तर वेग बदलणारी यंत्रणा चालू आहे. नाही सापडलं तर दोनच शक्यता बघायच्या. एक म्हणजे तुम्ही व्हर्च्युअल मशिनमध्ये आहात. तिथे वेगाचा कारभार खालच्या खऱ्या सिस्टिमच्या हातात असतो, तुम्ही कितीही डोकं आपटा. दुसरी, बायोसमध्ये कुणीतरी ते बंद केलंय. इंटेलच्या बायोसमध्ये 'स्पीडस्टेप' किंवा 'ईआयएसटी', 'स्पीड शिफ्ट' आणि 'सी-स्टेट्स' या ओळी शोधा. एएमडीवर 'कूल अँड क्वाएट', 'सीपीपीसी' आणि 'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल'. सगळ्या चालू हव्यात. जुने लॅपटॉप विकणारे दुकानदार गेमिंगच्या नावाखाली यातलं काय काय बंद करून ठेवतात, तेव्हा सेकंडहँड घेतला असेल तर हे पहिल्या दिवशीच बघा.

३. गाडी कोण चालवतंय?

पूर्ण लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

त्याच 'सीपीयूफ्रीक' फोल्डरमध्ये 'स्केलिंग_ड्रायव्हर' नावाची फाइल आहे. ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसरचा वेग प्रत्यक्ष हलवणारा कर्नलमधला भाग. 'कॅट' आदेश वापरून ती फाइल वाचा. उत्तर साधारण या तिघांतलं एक येतं.

'इंटेल_पीस्टेट' म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांतला इंटेल. हा ड्रायव्हर २०१३ साली कर्नल ३.९ मध्ये आला. 'एसीपीआय-सीपीयूफ्रीक' म्हणजे जुनी, सगळ्यांना चालणारी पद्धत. 'एएमडी-पीस्टेट' किंवा त्याच्यापुढे 'ईपीपी' लावलेलं नाव म्हणजे नवा एएमडी. हा ड्रायव्हर २०२२ मध्ये कर्नल ५.१७ सोबत आला.

रायझनवाल्यांनी (हे एएमडीचेच प्रोसेसर) जरा जास्त लक्ष द्या. झेन २ किंवा पुढच्या पिढीची चिप असूनही 'एसीपीआय-सीपीयूफ्रीक' दिसत असेल, तर प्रोसेसरला निवडायला दोन-तीनच ठोकळेबाज वेग मिळतात. बायोसमधलं सीपीपीसी चालू करा, कर्नल जुना असेल तर नवा घ्या. ६.५ पासून नवा ड्रायव्हर बऱ्याच यंत्रांवर आपोआपच लागतो.

आता गव्हर्नर. 'स्केलिंग_गव्हर्नर' ही शेजारचीच फाइल. वेग कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा याचं धोरण म्हणजे गव्हर्नर. नावं तुमच्या कानावर आली असतील: परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह, ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, शेडयूटिल.

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि मी त्यात पडले होते. 'पॉवरसेव्ह' या एकाच शब्दाचे ड्रायव्हरप्रमाणे दोन अर्थ होतात. एसीपीआय-सीपीयूफ्रीकवर पॉवरसेव्ह म्हणजे वेग सगळ्यात खालच्या आकड्यावर बांधला, काम कितीही असो. इंटेल_पीस्टेट नेहमीच्या अॅक्टिव्ह पद्धतीत चालू असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे कामाप्रमाणे वर-खाली होणं. थोडक्यात, तिथे तोच नेहमीचा, शहाणा पर्याय. माझ्या लॅपटॉपवर पॉवरसेव्ह दिसलं आणि मला वाटलं, चोर सापडला. ते बदलून परफॉर्मन्स केलं. फरक शून्य, पंखा मात्र दिवसभर. चालक कोण हे न बघता गिअरला हात घातला की असं होतं.

स्पीड शिफ्ट असलेल्या चिपवर गव्हर्नरपेक्षा दुसरी एक फाइल जास्त कामाची आहे: 'एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स', बोलताना ईपीपी. त्यात 'परफॉर्मन्स', 'बॅलन्स_परफॉर्मन्स', 'बॅलन्स_पॉवर', 'पॉवर' अशी मूल्यं चालतात. चिपला दिलेली ती सूचना असते: वेगाकडे झुक, की बचतीकडे. बॅटरीवर 'बॅलन्स_पॉवर' मला सगळ्यात मानवलं. 'पॉवर'वर मराठी टंकन करताना अक्षरं हलकीशी मागे राहतात असं मला वाटतं, तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. एक लक्षात ठेवा, गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर असताना ही फाइल बदलू देत नाही.

४. खरा वेग किती, ते बघा

'स्केलिंग_कर_फ्रीक' या फाइलमध्ये सध्याचा वेग किलोहर्ट्झमध्ये असतो. म्हणजे १६००००० दिसलं तर १.६ गिगाहर्ट्झ. शून्यं मोजताना माझी एकदा चूक झाली होती, तुम्ही बोट ठेवून मोजा.

एकदाच बघून निष्कर्ष काढू नका. बघण्याचा आदेश चालवायलाही प्रोसेसर जागा होतो, म्हणून रिकाम्या यंत्रावरही कधी कधी आकडा फुगलेला दिसतो. 'वॉच' आदेशाने दर दोन सेकंदांनी आकडा फिरता ठेवा, मिनिटभर काहीच करू नका, मग एखादं जड काम सुरू करा. माझी चिप ४०० मेगाहर्ट्झपासून ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाते. निरोगी यंत्रावर आकडे नाचताना दिसले पाहिजेत. आणि एलएससीपीयूच्या नावाच्या ओळीत शेवटी छापलेला वेग हा मूळ वेग, आत्ताचा नव्हे.

जास्त खोलात जायचं असेल तर 'टर्बोस्टॅट' सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून चालवा. कोणता कोअर किती टक्के वेळ कुठल्या सी-स्टेटमध्ये होता, तापमान किती, चिप किती वॉट खातेय, सगळं एका तक्त्यात येतं.

५. वेग खालीच अडकलाय? आधी चार्जर बघा

आता माझी गोष्ट. काम कितीही टाका, आकडा ४०० मेगाहर्ट्झच्या वर हलत नव्हता. गव्हर्नर बरोबर, ड्रायव्हर बरोबर, 'स्केलिंग_मॅक्स_फ्रीक'मध्ये ३४ लाख लिहिलेलं. तरी ढिम्म.

मूळ चार्जरची वायर उंदराने कुरतडली होती म्हणून मी बाजारातून 'अगदी तोच, कंपनीसारखाच' एक आणला होता. व्होल्टेज तेच, पिन तीच. पण काही लॅपटॉप चार्जरला त्याची ओळख विचारतात, मधल्या बारीक पिनेतून. उत्तर आलं नाही की लॅपटॉप समजतो, हा किती वॉट देऊ शकेल याचा भरवसा नाही. मग तो प्रोसेसरला 'तापलायस, थांब' असा खोटा इशारा देऊन खालच्या वेगावर दाबून धरतो. या इशाऱ्याचं तांत्रिक नाव प्रॉकहॉट. चिप प्रत्यक्षात गार असते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला यात विचारतही नाहीत, म्हणून सिस्टिम पुसून नवी टाकली तरी ढिम्म फरक पडत नाही. लाइट गेली, चार्जर सुटला, इशारा थांबला आणि लॅपटॉप पळाला.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे यंत्र मला रोज सांगत होतं. सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या की अॅडॉप्टर ओळखता आला नाही, पुढे जायला कळ दाबा. मी न वाचता कळ दाबत होते.

तर वेग तळाला चिकटला असेल तर क्रम असा ठेवा. चार्जर काढून बघा. सुधारलं तर चार्जरच बदला, योग्य वॉटचा आणि ओळख देणारा. नाही सुधारलं तर तापमान बघा, पंख्याची जाळी साफ करा. मग बायोस. गव्हर्नरची पाळी सगळ्यात शेवटी. प्रॉकहॉटचा इशारा न ऐकण्याची युक्ती इंटरनेटवर सहज सापडते. रजिस्टरमधला एक बिट बदलायचा, झालं. मी ती वापरलेली नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कमी ताकदीच्या चार्जरवर पूर्ण भार टाकला की तापतो तो चार्जर, आणि तो असतो आपल्या गादीवर.

६. व्यवस्थापक एकच ठेवा

उबुंटूसारख्या, गनोम हा डेस्कटॉप असलेल्या वितरणांत 'पॉवर-प्रोफाइल्स-डीमन' नावाचा वीज व्यवस्थापक आधीच बसवलेला असतो. वर कोपऱ्यातल्या मेनूत परफॉर्मन्स, बॅलन्स्ड, पॉवर सेव्हर हे तीन पर्याय दिसतात ते त्याचेच. फेडोराने ४१व्या आवृत्तीपासून त्याच्या जागी 'ट्यून्ड' आणलं. आणि कुणीतरी ओळखीचं सांगतं, 'टीएलपी टाक, बॅटरी जास्त टिकते'. टीएलपी हाही असाच एक व्यवस्थापक, आणि बॅटरी टिकते हे खरंही असतं. पण दोन्ही एकत्र ठेवले की एक ईपीपी चढवतो, दुसरा उतरवतो आणि आपण दोन घरचा पाहुणा. 'ऑटो-सीपीयूफ्रीक' नावाचं तिसरं साधन आहे, तेही यातच आलं.

माझं मत विचाराल तर नवख्यांनी आलेलंच राहू द्यावं. बॅटरीवर पॉवर सेव्हर, चार्जरवर बॅलन्स्ड, विषय संपला. टीएलपीकडे तेव्हाच जा जेव्हा बॅटरीवर गेल्या गेल्या टर्बो (मूळ वेगाच्या वर मारलेली उडी) आपोआप बंद व्हावा असलं काही नेमकं हवं असेल. तेव्हा आधीचा व्यवस्थापक काढून मगच टीएलपी टाका. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असतं. मूल्य बदललं पण हॅश काढला नाही तर ती ओळ नुसती टीप राहते. यावर माझी एक संध्याकाळ गेली.

७. टर्बोचं काय करायचं?

माझ्या चिपचा मूळ वेग १.६, टर्बोत ३.४. मधला सगळा पल्ला टर्बोचा. तो चढताना व्होल्टेजही चढतं, आणि पहिल्या पायरीतला वर्गाचा हिशेब इथे उलटा फिरतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. गार करायला आत जी हवा घ्यायची तीच गरम, तेव्हा टर्बो दोन मिनिटं उड्या मारतो, तापतो, पडतो, पुन्हा उडी. या धरसोडीपेक्षा उन्हाळ्यात टर्बो बंदच ठेवलेला मला परवडतो. लिहिणं, ब्राउझर, व्हिडिओ, यात फरक कळत नाही. मोठं, जड काम असेल तेव्हा कळतो.

इंटेल_पीस्टेटवर 'सिस'मधल्या 'सीपीयू' फोल्डरखाली 'इंटेल_पीस्टेट' फोल्डर आहे, त्यात 'नो_टर्बो' ही फाइल. नाव नकारार्थी आहे, तेव्हा १ लिहिलं की टर्बो बंद. एसीपीआय-सीपीयूफ्रीकवर थेट 'सीपीयू'खालच्या ('सीपीयू०'मधल्या नव्हे) 'सीपीयूफ्रीक' फोल्डरमध्ये 'बूस्ट' नावाची फाइल असते आणि तिथे उलटं, ० लिहिलं की बंद. हे उलटसुलट वहीत लिहून ठेवा.

८. बदल लिहिताना आणि टिकवताना

'सुडो एको १' लिहून पुढे बाणाचं चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं तर परवानगी नाकारली जाते आणि माणूस गोंधळतो, सुडो तर लावलंय! सुडो लागतो फक्त एकोला, म्हणजे दिलेलं छापणाऱ्या आदेशाला. बाणाने फाइलमध्ये लिहिण्याचं काम तुमचं साधं शेल (टर्मिनलमध्ये आदेश वाचणारा प्रोग्राम) करतं, त्याला अधिकार नसतो. म्हणून एकोचं उत्तर उभ्या रेघेने 'सुडो टी' या आदेशाकडे पाठवा. हा 'टी' प्यायचा नव्हे, इंग्रजी अक्षराच्या आकाराच्या नळजोडासारखा.

या फाइली डिस्कवर नसतात, त्यामुळे यंत्र बंद करून चालू केलं की लिहिलेलं सगळं जातं. नवख्यांसाठी ही सोयच आहे. काही बिघडलं असं वाटलं तर रीस्टार्ट करा, झालं पूर्ववत. आठवडाभर वापरून पटलं तरच ते टीएलपीत किंवा वितरणाच्या स्वतःच्या व्यवस्थापकात कायमचं करा.

९. मोजल्याशिवाय बचत मानू नका

चार्जर काढा. 'सिस', 'क्लास', 'पॉवर_सप्लाय', 'बॅट०' (हे एक मात्र मोठ्या अक्षरांत) या वाटेवर 'पॉवर_नाऊ' फाइल असेल तर तिच्यातला आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो, दहा लाखांनी भागलं की वॉट. काही लॅपटॉपवर ती नसते, 'करंट_नाऊ' आणि 'व्होल्टेज_नाऊ' असतात. दोन्ही मायक्रोमध्ये, तेव्हा प्रत्येकाला दहा लाखांनी भागून मग गुणा. मोजताना स्क्रीनचा उजेड तोच ठेवा, नाहीतर श्रेय भलत्यालाच जातं. माझ्याकडे उजेड पूर्णवरून निम्म्यावर आणल्याने जेवढा फरक पडला तेवढा रिकाम्या यंत्रावर कुठल्याच गव्हर्नरने पाडला नाही.

'पॉवरटॉप' हेही चांगलं साधन. कोण प्रोसेसरला सारखं उठवतंय याची यादी देतं. त्यातला 'ऑटो-ट्यून' पर्याय मात्र डोळे झाकून वापरू नका. तो यूएसबीलाही झोपवतो. मग माउस दोन क्षण सोडला की मरतो आणि बटण दाबल्यावर जागा होतो.

विंडोज वापरत असाल तर यातलं बरंच तिथे पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली असतं. नव्या लॅपटॉपवर ते कधी कधी लपवलेलं असतं. तिथे कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांवर टर्बो बंद होतो. चार्जरची पाचवी पायरी तिथेही जशीच्या तशी लागू.

१०. घरात दिवसरात्र चालणारं यंत्र असेल तर

जुना डेस्कटॉप फाइली साठवायला चोवीस तास चालू ठेवणारे पुष्कळ आहेत, माझा भाऊ त्यातला. अशा यंत्रावर पी-स्टेटपेक्षा सी-स्टेट महत्त्वाच्या, कारण ते बहुतेक वेळ रिकामंच बसलेलं असतं. ३० वॉट सतत म्हणजे वर्षाला सुमारे २६३ युनिट, १० वॉट म्हणजे सुमारे ८८. प्लगमध्ये लावायचा साधा वॉटमीटर घ्या आणि पॉवरटॉपमध्ये 'आयडल स्टॅट्स'चं पान उघडा. कोअर गाढ झोपलेत पण पॅकेजच्या (अख्ख्या चिपच्या) रकान्यात पीसी-दोनच्या (पॅकेजची हलकी झोप) खाली काही उतरत नाही असं दिसलं, तर एखादं कार्ड किंवा उपकरण अख्ख्या चिपला जागं ठेवतंय. एकेक काढून बघत जा. भावाच्या डब्यात ते निघालं दहा वर्षांपूर्वीचं टीव्ही ट्यूनर कार्ड, ज्याला केबलसुद्धा जोडलेली नव्हती.